बोगत्याला जायचं, तर आधी नाल्याला विचारा

जुलै उजाडला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांतल्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. लांबरुंद काळ्या खडकावरून पांढरं पाणी कोसळतंय, खाली डोह उकळतोय आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'तेलंगणाचा नायगारा'. हा बोगता धबधबा. मुलुगू जिल्ह्यात, वाजेडूजवळ. उंची साधारण ३० फूट, म्हणजे उंचीच्या स्पर्धेत कुठेच नाही. पण चांगल्या पावसात अख्खा खडक पाण्याखाली जातो आणि समोर उभ्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणा जिथे एकमेकांना टेकतात, त्या कोपऱ्यापासून तो फार लांब नाही. त्यामुळे आमच्याकडच्या लोकांना तो आपलाच वाटतो.

माझं माहेर सिरोंचा तालुक्यातलं, सासर चंद्रपूरचं. त्यामुळे 'वहिनी, जायचं कसं?', 'ताई, मायला नेलं तर चालते का?' असे फोन दर पावसाळ्यात मलाच येतात. सासरचे, माहेरचे, शाळेतले सहकारी असे बरेच लोक घेऊन त्या रस्त्याने जाणंयेणं झालंय. त्यातून जे कळलं ते एका वाक्यात सांगायचं तर असं: जो पाऊस धबधबा भरतो, तोच तुमची परतीची वाट बुडवतो. बाकी सगळे बोल त्या एका बोलातूनच निघालेत.

१. सुट्टी कॅलेंडरवर शोधू नका, पाण्यावर शोधा

सगळ्यांना १५ ऑगस्टला जोडून जायचं असतं. शाळेला सुट्टी, ऑफिसला सुट्टी, धबधबाही ऐन भरात. पण याच दिवसांत तिथले नालेही ऐन भरात असतात. २०२३ च्या जुलैची गोष्ट. २६ आणि २७ तारखेच्या चोवीस तासांत मुलुगू जिल्ह्यातल्या लक्ष्मीदेवीपेटा इथे ६४९.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडे अनेक तालुक्यांत पावसाळ्याच्या निम्म्या हंगामात जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. त्याच वेळी बोगत्याच्याच पट्ट्यातल्या मुत्यालधारा धबधब्यावर गेलेले बरेच पर्यटक जंगलात अडकले. धबधब्याने त्यांचं काही केलं नव्हतं. येताना सहज ओलांडलेला नाला परतताना फुगलेला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रात्री जंगलात शिरून त्यांना बाहेर काढलं.

म्हणून माझ्या घरचा नियम: लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर दसरा-दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरात पाणी कमी झालेलं असतं, पण संपलेलं नसतं. गढूळपणा बसलेला असतो, खडकाच्या पायऱ्या दिसतात, एका धारेच्या चार-पाच धारा झालेल्या असतात. व्हिडिओतल्यासारखा गडगडाट मिळत नाही. पण डोळ्यांनी बघायला हा धबधबा जास्त चांगला, आणि रस्ताही जागेवर असतो. ज्यांना गडगडाटच हवा, त्यांनी जाणत्या माणसांचीच गाडी काढावी आणि पुढचे बोल नीट वाचावेत.

२. आकाश बघून निघू नका. दरवाजे किती उघडले ते विचारा

चंद्रपुरात लख्ख ऊन असतं आणि आष्टीच्या पुलावर वैनगंगा काठोकाठ असते. असं का होतं, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना समजावताना दमायला होतं. पाऊस पडलेला असतो वर, भंडारा-बालाघाटकडे. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की पाणी खाली यायला वेळ लागतो आणि तोवर आपल्याकडचं आभाळ मोकळं झालेलं असतं. म्हणून गडचिरोलीत पावसाळ्यात 'पाऊस आहे का?' याच्या बरोबरीने 'गोशीचे किती दरवाजे उघडले?' हेही विचारतात.

खाली तर सगळ्यांचंच पाणी एकत्र येतं. पैनगंगा वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत, आणि सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. अर्ध्या विदर्भाचं आणि बस्तरचं पाणी त्या एका पात्रात. १६ जुलै २०२२ ला खाली भद्राचलमला गोदावरी ७१.३ फुटांवर गेली होती आणि आमच्या सिरोंचा तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात होती. अशा वेळी लहान नाल्यांचीही पंचाईत होते. त्यांना स्वतःचा पूर नसला तरी फुगलेली गोदावरी त्यांचं पाणी आत घेत नाही, मागे रेटते. रस्त्यावर येतं ते हे मागे रेटलेलं पाणी. ते लवकर ओसरत नाही, कारण त्याला आधी गोदावरी ओसरावी लागते.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री तीन फोन करायचे. एक सिरोंचातल्या कोणा ओळखीच्याला, एक वाजेडूकडच्या मुक्कामाच्या किंवा जेवणाच्या ठिकाणी, आणि एक एसटीच्या आगारात. तिसरा फोन लोक विसरतात. पण 'सिरोंचा गाडी सुटली का?' या प्रश्नाचं उत्तर हवामान खात्याच्या नकाशापेक्षा आपल्या कामाचं असतं.

३. महाराष्ट्रात पोचायला तेलंगणातून जा

हे ऐकून लोक हसतात, पण चंद्रपूरहून सिरोंचाला जायचा सोपा रस्ता बऱ्याचदा राजुरा, आसिफाबाद, मंचेरियाल, चेन्नूर असा परराज्यातून जातो. शेवटी प्राणहितेवरचा पूल ओलांडला की पुन्हा आपलं राज्य. दुसरा रस्ता आपला: गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आष्टी ते आलापल्ली लोहखनिजाच्या ट्रकांची रांग, आणि आलापल्ली ते सिरोंचा या शंभरेक किलोमीटरांनी किती टायर खाल्ले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जंगल मात्र अप्रतिम. आलापल्लीजवळचं 'वनवैभव' हे जुन्या सागाचं राखलेलं वन याच भागात. बुंध्याला तिघांनी मिळून कवेत घ्यावं असे साग मुलांनी एकदा तरी बघावेत.

त्यामुळे आम्ही जाताना एक रस्ता धरतो, येताना दुसरा. भर पावसाळ्यात मात्र निवडीचा प्रश्न येत नाही. राजुऱ्याच्या बाजूला वर्धेचा पूल बुडाला तर हा मार्ग बंद, आष्टीला वैनगंगा चढली तर तो. दोन्ही बंद असतील तर घरी भजी तळावीत.

सिरोंचाहून पुढेही दोन वाटा आहेत. आसरअल्ली, पातागुडमवरून इंद्रावतीचा पूल ओलांडून छत्तीसगडात भोपालपट्टनम, तिथून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने खाली वाजेडू. यात मोठी नदी एकदाच ओलांडायची. काळेश्वरमकडून गेलात तर गोदावरी दोनदा: एकदा काळेश्वरमला, दुसऱ्यांदा एटूरनागारमच्या पुढे. रस्ता लांब, पण वाटेत गावं, पेट्रोल, दवाखाने जास्त. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना मी लांबचा धरते. आधीच्या काळी या दोन्ही नद्या डोंग्याने ओलांडायच्या. माझ्या आईच्या माहेरची वरात तशीच आली होती. आता तीन राज्यं एका दिवसात होतात, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की हा एका दिवसाचा खेळ आहे.

४. रपट्यावर पाणी असेल तर गाडी बंद करा आणि दगड ठेवा

आसरअल्लीच्या पुढे एका रपट्यावर पाणी आलेलं. फार नाही, बघणाऱ्याला वाटावं की चाकं ओली होतील एवढंच. आमच्या पुढे एसटी उभी. चालकाने इंजिन बंद केलेलं, वाहक पायरीवर बसून तंबाखू मळतोय. मागून एक नवीकोरी पांढरी गाडी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. तेवढ्यात बाजूच्या शेतातून लुंगी गुडघ्यावर बांधलेले एक काकाजी आले. त्यांनी मुठीएवढा दगड उचलला, पाण्याची कड जिथे रस्त्याला लागत होती तिथे बरोबर ठेवला आणि बिडी पेटवली.

थोड्या वेळाने दगडाचा खालचा अर्धा भाग ओला झाला. मग दगड दिसेनासा झाला. काकाजींनी दुसरा दगड हातभर मागे ठेवला. पांढऱ्या गाडीतला मुलगा खाली उतरून म्हणाला, "काका, एवढ्याशा पाण्याला काय होते? गाडी उंच आहे आमची." काकाजी तेलुगू हेलाच्या मराठीत म्हणाले, "गाडी नवी आहे न बाबू. नाला जुना आहे."

बराच वेळ गेला. मुलांनी मुरमुरे संपवले, वाहकाची झोप झाली. मग दुसऱ्या दगडाभोवतीचा रस्ता काळा ओला दिसायला लागला, पुढे पहिला दगड वर आला. तरीही काकाजी लगेच उठले नाहीत. पहिल्या दगडाच्या पुढे चांगली वावभर जागा मोकळी झाल्यावर ते काठी घेऊन रपट्यावर गेले, पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी काठी ठोकत. खाली डांबर आहे की वाहून गेलंय, ते काठी सांगत होती. मध्यावर जाऊन त्यांनी हात वर केला. आधी एसटी गेली. मग बाकीचे.

यातलं शास्त्र कोणालाही कळण्यासारखं आहे. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवायला लागतं. दोन फूट असेल तर मोठीही ढकलत नेतं. गाडी बंद पडण्याची भीती पुढची. आधी चाकांची पकड सुटते, आणि रपट्याला कठडे नसतात. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे गाडीत बसून कळायला मार्ग नाही. म्हणून नियम साधा: दगड सांगेल तेव्हा, एसटी गेल्यावर, आणि अंधार पडायच्या आत. अंधारात दगड दिसत नाही.

५. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुडघ्याला विचारून धबधबा निवडा

बोगता हा एकच पर्याय नाही. आदिलाबादकडचा कुंतला बोगत्याहून कितीतरी उंच, पण खाली जायला पायऱ्या शेकड्यांनी. उतरताना मजा, चढताना सासूबाईंचा चेहरा बघवत नाही. उमरखेडकडच्यांना सहस्रकुंड जवळ. तिथे पैनगंगा विदर्भ आणि मराठवाड्याच्या बरोबर सीमेवर कोसळते, एका काठावर यवतमाळ, दुसऱ्यावर नांदेड. चित्रकोट हा या सगळ्यांचा राजा: बस्तरमध्ये, सुमारे ९५ फूट, पावसाळ्यात घोड्याच्या नालेच्या आकारात अख्खी इंद्रावती खाली येते. सोमनूरला आपल्या हद्दीवर जी इंद्रावती शांतपणे गोदावरीत शिरते, ती हीच, आधी तिथून कोसळून आलेली. पण चित्रकोटला किमान दोन रात्री हव्यात, आणि सिरोंचाहून बिजापूर, गीदम असा मोठा पल्ला आहे.

बोगत्याचं मोठेपण हे की गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, चालणं थोडं, आणि समोरून बघायला जागा आहे. ज्यांना पाण्यात जायचं नाही अशांचाही दिवस चांगला जातो. आमच्याकडे म्हातारी माणसं सहलीला 'तुम्ही जा, मी गाडीत बसतो' म्हणतात, आणि आपण ऐकतो. इथे ते म्हणायची वेळ येत नाही.

६. धबधबा समोरून बघायचा असतो, खालून नाही

गाडी लावली की आधी आवाज येतो. झाडीतून चालताना तो वाढत जातो, मग चष्म्यावर बारीक दव जमायला लागतं आणि एका वळणावर झाडं संपतात. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला आणि शेवटी काढून हातातच ठेवला. "मले बिनचष्म्यानंच बरं दिसते," म्हणाल्या. पाणी चहाच्या रंगाचं होतं. वरच्या कडेला ते गुळगुळीत काचेसारखं वाकायचं आणि मधल्या खडकावर आपटून फुटायचं. उजवीकडे मात्र खडकाला टप्पे असल्यामुळे तिथे ते फुटत फुटत उतरत होतं. एकाच धबधब्याचे दोन स्वभाव. असं निवांत बघायला वेळ लागतो, आणि सगळ्यांना घाई असते खाली डोहाकडे जायची.

त्या डोहाने माणसं घेतली आहेत. कोसळत्या पाण्याखाली डोह वरून दिसतो तसा नसतो. पडणारं पाणी तळाकडे जातं आणि फिरून पुन्हा धारेकडेच येतं, त्यामुळे पोहणारा बाहेर निघायच्या ऐवजी आत ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा जास्त, म्हणून ते शरीराला नेहमीसारखं उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे कमी पडतो. पाणी जास्त असलं की वनविभाग प्रवेश बंद करतो किंवा डोहात उतरू देत नाही. त्या वेळी 'एवढ्या लांबून आलोय' हे कारण पाण्यालाही सांगून बघा, ते ऐकत नाही.

पोट्ट्यांसाठी आमचे तीन नियम आहेत, गाडीतच पाठ करून घेतलेले. हिरवा दगड दिसला की त्यावर पाय नाही. पाण्याकडे पाठ करून फोटो नाही. आणि पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा आणि सागाची पानं वाहून यायला लागली, की कोणी हाक मारायची वाट न बघता वर यायचं. वर कुठेतरी पाऊस झाल्याचा तो निरोप असतो, आणि निरोपामागोमाग पाणी येतं. तिसरा नियम मोठ्यांनीही पाठ करावा.

७. मुक्काम सिरोंचात, आणि त्या मुक्कामाचं काहीतरी करा

चंद्रपूरहून एका दिवसात जाऊन येऊ म्हणणारे परततात ते धबधबा कमी आणि डॅशबोर्ड जास्त बघून. सिरोंचात राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत, आधी सांगून ठेवा. पण गाव रिकामं नाही. प्राणहितेकाठच्या या गावात इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचं ठाणं होतं. वरच्या गोदावरीतून बोटी चालवायची मोठी योजना तेव्हा आखली गेली, नदीतले खडक आडवे आले आणि १८७१ मध्ये ती सोडून दिली गेली.

मुलांना मात्र त्याहून जुनं काहीतरी लागतं. ते वडधममध्ये आहे. तिथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केलंय. प्राणहितेच्या दोन्ही काठांचे हे खडक जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरूनच त्यांना 'कोटा' हे नाव पडलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात इथल्या जीवाश्मांचा अभ्यास केला. नदीपलीकडे पोचमपल्लीजवळ सापडलेल्या प्रचंड डायनासोरला १९७५ मध्ये 'बारापासॉरस टागोराय' हे नाव मिळालं. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. माझा भाचा धबधबा विसरलाय, 'आपल्या सिरोंचाचा डायनासोर' मात्र वर्गात अजून सांगतो.

८. सीमेपलीकडून बाटली आणायची नाही

हा बोल जावईबापू आणि दीर मंडळींसाठी. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, त्यामुळे चंद्रपूरकरांना सवय सुटली आहे. तेलंगणात किंवा छत्तीसगडात दुकान दिसलं, घेतली आणि डिकीत टाकली, की इंद्रावतीचा किंवा प्राणहितेचा पूल ओलांडताच तो गुन्हा होतो. तपासणी होते आणि गाडीत मागच्या सीटवर बायकापोरं आहेत म्हणून सूट मिळत नाही. आणि पिऊन धबधब्यावर जाणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. सहावा बोल पुन्हा वाचा.

९. पोलीस मदत केंद्राचा फोटो नको, आणि एक आठवडा टाळा

सीमेवरच्या ठाण्यांचे, पुलावरच्या जवानांचे, नाकाबंदीचे फोटो काढू नका. विचारपूस झाली तर नाव, गाव, कुठे निघालात हे सरळ सांगा. बहुतेक वेळा तेच पुढचा नाला कसा आहे ते सांगतात, आणि ती माहिती सगळ्यात ताजी असते. नक्षल्यांचा 'शहीद सप्ताह' २८ जुलै ते ३ ऑगस्ट. त्या दिवसांत रस्त्यावर झाडं आडवी पाडणं, गाड्या बंद राहणं हे इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. आता दिवस पुष्कळ बदललेत, तरी माझे माहेरचे लोक त्या आठवड्यात लग्नाची बोलणीसुद्धा ठेवत नाहीत. पाहुण्यांनी सहल का ठेवावी?

१०. तेलुगू येत नसेल तर एक प्रश्न पाठ करा

सिरोंचात अर्धी बाजारपेठ घरी तेलुगूच बोलते, नदीपल्याड-अल्याड रोटी-बेटीचे व्यवहार आहेत, त्यामुळे मराठी-हिंदीवर निभावतं. पुढे वाजेडूच्या आतल्या गावांत मात्र अडतं. 'वागू दाटोच्चा?' म्हणजे नाला ओलांडता येईल का, एवढं आलं तरी पुरे. उत्तर तेलुगूत येतं, पण मान हलवणं सगळीकडे सारखंच आहे.

११. डबा घरचा, पाणी घरचं, कचराही घरचा

तिखट-मिठाच्या पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, लसणाची चटणी, केळी. दोन वेळचं जास्तीचं ठेवा. रपट्यावर अडकलात तर शेजारच्या गाडीतल्यांनाही लागतं. उतरल्यावर डबा मोकळ्यात उघडू नका, माकडं ताटातूनच उचलतात. परतीच्या वाटेवर इडली-वडा आणि पुलिहोरा मिळतो, तो जरूर खा. आणि प्लास्टिकच्या पिशव्या मागे टाकू नका. त्या त्याच नाल्यातून खाली गोदावरीला जातात.

१२. घरी आल्यावर ताप आला तर सहलीचं नाव आधी घ्या

राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा नेहमीच मोठा राहिलाय. पूर्ण बाह्यांचे कपडे, संध्याकाळी पायांना मलम, रात्री मच्छरदाणी ही काळजी घ्याच. पण महत्त्वाचं ते पुढचं. डास चावल्यापासून ताप यायला आठ-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त जातात. तोवर सहल विसरलेली असते आणि नागपूर-पुण्याचे डॉक्टर व्हायरल म्हणून गोळ्या देतात. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: 'गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलोय.' पुढची तपासणी ते बरोबर करतात.

१३. धबधबा बंद असेल तर काय, हे निघतानाच ठरवा

बोगता बंद आहे हे कळल्यावर गाडीत जे शांत बसणं होतं, ते टाळता येतं. काळेश्वरमच्या बाजूला असाल तर तिथलं मंदिर: एकाच पीठावर दोन शिवलिंगं, एक काळेश्वर, एक मुक्तेश्वर. थोडं पुढे पालमपेटला रामप्पा मंदिर, १२१३ सालचं काकतीय काळातलं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं. काळ्या दगडाच्या मदनिका इतक्या घोटलेल्या की त्यात पाऊस पडताना दिसतो. आलापल्लीच्या बाजूने परतणार असाल तर कमलापूरचे हत्ती, फक्त कॅम्प चालू आहे का ते विचारून. आणि अगदीच काही नसेल तर चामोर्शीजवळ मार्कंडा: वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, आणि मंदिरावरची शिल्पं बघायला दिवस पुरत नाही. ज्या सहलीला दुसरा बेत असतो, तिथे कोणी रपट्यावर घाई करत नाही. माझ्या मते धोका टाळायचा सगळ्यात चांगला उपाय हाच.

१४. रजा एक दिवस जास्त टाका

सोमवारी ऑफिस असलेला माणूस रविवारी संध्याकाळी नाल्यासमोर उभा असतो तेव्हा त्याचं डोकं सोमवारात असतं. पाणी जेमतेम गुडघ्याला आहे, असं त्याला दिसायला लागतं. आजवर मी या रस्त्यावर जी जी भांडणं ऐकली, 'चल काढ गाडी' विरुद्ध 'थांब जरा' अशी, त्यातली बहुतेक सगळी परतीच्या दिवशीची. जाताना सगळेच शहाणे असतात. म्हणून हॉटेल, गाडी, डबा यांच्या आधी मी पाहुण्यांना एकच विचारते: सोमवारची रजा टाकली का? नसेल टाकली, तर दिवाळीत या.